एच-इंडेक्स पाहून पीएच.डी.चा मार्गदर्शक निवडावा का?

प्रश्न : माझ्या मुलीला जैववैद्यकीय विषयात पीएच.डी. करायची आहे. तिच्यापुढे दोन मार्गदर्शकांचे पर्याय आहेत. एकांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध असून त्यांचा एच-इंडेक्स ४८ आहे. दुसऱ्यांचे निबंध पस्तीसच्या आसपास आणि एच-इंडेक्स १७. घरातल्या सर्वांचा कल पहिल्यांकडे आहे, मुलीला मात्र दुसऱ्यांचे काम आवडते. या आकड्यांवर किती विसंबावे? — एक पालक, सांगली

उत्तर : एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. तो १७ असणे म्हणजे संशोधकाच्या १७ निबंधांचा इतर निबंधांत प्रत्येकी किमान १७ वेळा उल्लेख झालेला असणे. काळाबरोबर हा आकडा वाढतो किंवा आहे तिथेच राहतो, त्यामुळे तीस वर्षे काम केलेल्या प्राध्यापकांची आणि अलीकडे स्वतःची प्रयोगशाळा उभारलेल्या संशोधकांची तुलना त्यावरून करणे मुळातच अन्यायाचे आहे. शिवाय गूगल स्कॉलर ही शोधसेवा प्रबंध आणि तज्ज्ञांनी अद्याप न तपासलेले मसुदेही जमेस धरते, म्हणून तिथला आकडा स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्यापेक्षा बहुधा मोठा दिसतो. दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून घेतले आहेत ना, हे आधी पाहावे.

उल्लेखांची संख्या एखादे काम किती वापरले गेले ते सांगते. ते किती मोलाचे आहे हे तिच्यातून कळेलच असे नाही. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. उलट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आज रक्तपेढ्यांच्या रोजच्या व्यवहारात आहे, पण पाठ्यपुस्तकात गेलेल्या ज्ञानासाठी मूळ निबंधाचा दाखला देण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही.

या संदर्भात कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू ओळखल्याला पाऊणशे वर्षे लोटली, तरी तो माणसाला नेमका कशामुळे मारतो, हे प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्राव सोडला. जंतू नसतानाही त्या भागात पाणी साठले आणि कॉलऱ्याचे विष हे जंतूने बाहेर सोडलेले द्रव्य असून ते थेट आतड्यावर काम करते, हे स्पष्ट झाले. हा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, परंतु सुरुवातीला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे कॉलरासंशोधनाची दिशाच त्याने ठरवली आणि १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानाच्या परिसंवादासाठी डे यांना बोलावणे आले. विशेष म्हणजे उल्लेखांची मोजदाद ज्यांनी रूढ केली त्या यूजीन गारफील्ड यांनीच १९८६ मध्ये, डे यांच्या निधनानंतरच्या वर्षी, त्यांच्या कामाचा प्रभाव उल्लेखांचा माग काढून मांडला. पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवरून डे यांना कुणी मार्गदर्शक म्हणून नाकारले असते, तर नुकसान त्या विद्यार्थ्याचेच झाले असते.

आता आपल्या मुलीने काय पाहावे? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव बहुधा पहिले आणि प्रयोगशाळाप्रमुखाचे शेवटचे असते. दोनशे निबंधांपैकी कितींत या प्राध्यापकांचे नाव शेवटी आहे आणि कितींत ते भल्यामोठ्या लेखकयादीच्या मध्यभागी आहे, हे पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत तासाभरात पाहता येते. त्या निबंधांतले पहिले नाव विद्यार्थ्यांचे असते का, त्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी किती वर्षे लागली आणि ते सध्या काय करतात, याचीही चौकशी करावी. शक्य झाल्यास त्यांच्याशी बोलावे. एखादा निबंध मागे घेतला गेला असल्यास पबमेडवर तशी नोंद असते. त्यानंतर दोघांचे अलीकडचे दोन-दोन निबंध तिने पूर्ण वाचावेत. तिला दुसऱ्यांचे काम ते वाचून आवडले असेल, तर माझे मत तिच्या बाजूने आहे.

प्रश्न : नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा असला की त्यातला निबंधही चांगला असे समजावे का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा एका वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो, आणि ही सरासरी बहुधा मोजक्या निबंधांनी वर ओढलेली असते. म्हणूनच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्यात, नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टरवरून एकेका निबंधाची प्रत जोखू नये, असा आग्रह धरलेला आहे.