वाचकांचे प्रश्न : घोडी भरवायची बोली

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की घोड्यांविषयीची पत्रं वाढतात. या खेपेला पैदाशीच्या घोड्यांबद्दलचे, म्हणजे घोडी भरवण्याचे (तिला नर लावण्याचे) प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या संग्रहात न्यूझीलंडमधल्या शेतकी भागातल्या जाहिराती पाहिल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या. पैदाशीचा घोडा सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी, असा आठवडाभर फिरणार. भरवणी तीन गिनी, मोतद्दाराचे (घोडा सांभाळणाऱ्या नोकराचे) वेगळे. आणि ‘हंगामात घोडी विकली तर ती गाभण धरून पैसे घेतले जातील’ अशी अट. हा काय प्रकार? आपल्याकडे असं का नव्हतं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : हे बहुतेक क्लाइड्सडेल जातीचे, नांगराचे जड घोडे. तिथे नांगरट, पेरणी, धान्याची वाहतूक सगळी घोड्यांवर होती, त्यामुळे शेतकऱ्याकडे कामाच्या घोड्या असत. पैदाशीचा नर मात्र प्रत्येकाने पाळणं परवडत नसे. तो खातो वर्षभर आणि पैदाशीला उपयोगी पडतो तीन-चार महिने. म्हणून एक मालक, एक घोडा, एक मोतद्दार आणि ठरलेली फेरी.

फेरी आठवड्याचीच असण्यात हिशेब आहे. घोडीचा माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो आणि एकवीस-बावीस दिवसांनी परत येतो. दर सात दिवसांनी त्याच वेशीवर घोडा आला की बहुतेक माज एकदा तरी सापडतो. भरवलेल्या घोडीला तीन फेऱ्यांनंतर तोच घोडा पुन्हा दाखवायचा. तिने लाथ झाडली तर आशा धरायची, शेपूट उचलली तर पुन्हा भरवायची. सोनोग्राफी नसताना गाभण तपासायची हीच सोपी रीत होती.

गिनी म्हणजे 21 शिलिंग, म्हणून तीन गिनी म्हणजे 3 पौंड 3 शिलिंग. मालकाचे पैसे बहुधा हंगाम संपल्यावर, मोतद्दाराचे पहिल्याच भरवणीला रोख. ‘गाभण राहिली तरच पैसे’ अशी बोली असेल तर दर चढा. विक्रीची अट याच बोलीसाठी होती. घोडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की ती व्यायली की नाही हे घोडेवाल्याला कोण सांगणार? काही जाहिरातींत याहून कडक अट दिसते : घोडा ज्या घोडीला दाखवला तिचे पैसे लागणारच. मालकाच्या कुरणात घोडी ठेवली तर चराईचे आठवड्याचे पैसे वेगळे, आणि ‘काळजी घेऊ, जबाबदारी घेणार नाही’ हे वाक्य ठरलेलं. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, कारण तिथला वसंत तेव्हा असतो.

आपल्याकडे काळ्या जमिनीत बैल. घोडा स्वारीला, टांग्याला, वरातीला. इंग्रज सरकारने पैदाशीच्या घोड्यांत लक्ष घातलं ते फौजेसाठी, आणि फौजेचे पुष्कळ घोडे तर ‘वेलर’ म्हणून ऑस्ट्रेलियातून जहाजाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत. नांगराला घोडाच नाही, तर गावोगाव फिरणारा जड घोडा कुणी बोलावला असता?

जाता जाता : त्या जाहिरातींत उंची ‘16.2’ दिसली तर तो दशांश समजू नका. एक हँड म्हणजे 4 इंच, 16.2 म्हणजे 16 हँड आणि 2 इंच, म्हणजे 66 इंच. आजही यात्रेत या आकड्यावरून फसगत होते.

प्रश्न : यात्रेत आवडलेल्या घोड्याचा मालक म्हणतो, घोडी इथेच आणा, इथेच भरवू. घोडी पाच वर्षांची आहे, अजून व्यायलेली नाही. न्यावी का? – एक वाचक, शहादा

उत्तर : घोडा यात्रेत पाहा, घोडी यात्रेत भरवू नका. यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. त्या दिवसांत दिवस लहान. घोडीचा माज उजेडावर चालतो. आपल्या भागात हिवाळ्यात काही घोड्या माजावर येतात, पण माज अर्धवट, लांबलेला, कधी स्त्रीबीज न सुटताच संपणारा. खरा हंगाम फेब्रुवारीपासून पुढे. लवकर हवी असेल तर तबेल्यात संध्याकाळी दिवा लावून रोज एकूण सोळा तास उजेड द्या, पण त्याचा परिणाम दिसायला सुमारे दोन महिने जातात.

दुसरं कारण रोगाचं. शेकडो जनावरं एका ठिकाणी, एकाच हौदावर पाणी. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगावर उपचार करायची परवानगी नाही. जनावर बाधित निघालं तर ते मारावंच लागतं. म्हणून घोडा-घोडी दोघांचेही ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षयाचे रक्त-अहवाल आधी पाहा. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही या रोगांची मुख्य प्रयोगशाळा आहे. आपल्या तापीकाठाला पावसाळ्यानंतर सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) असतो, तो गोमाश्यांमुळे पसरतो. मधूनमधून ताप, पोटाखाली सूज, खाऊनही खंगत जाणं, अशी लक्षणं असलेली घोडी भरवायला नेऊच नका. राहिली तरी गाभडण्याची भीती.

घोडा पाहताना आधी मागे जाऊन बसा. दोन्ही अंड उतरलेले, सारख्या आकाराचे, चाचपताना न दुखणारे हवेत. एक वर राहिलेला घोडा कितीही देखणा असला तरी पैदाशीला नको, ही खोड शिंगरात उतरू शकते. मग तोंड : वरचे दात खालच्यांच्या पुढे पोपटासारखे आलेले नकोत. मग खूर आणि मागचे पाय. चालवून पाहा, नुसता नाचवून दाखवला तर लंगडेपण लपतं. वय किमान तीन, चार असेल तर बरं. आणि मालकाला विचारा, गेल्या हंगामात किती घोड्या भरवल्या आणि किती व्यायल्या. पहिला आकडा सगळे सांगतात.

घोडी मार्चच्या सुमारास माजावर आली की न्या. मध्ये भक्कम आडवी फळी ठेवून घोडा दाखवा. शेपूट बाजूला करणं, मागचे पाय फाकवून थोडं थोडं मुतणं, योनी उघडझाप होणं हा माज. कान मागे, किंकाळी, लाथ म्हणजे अजून नाही. स्त्रीबीज माजाच्या शेवटच्या 24 ते 48 तासांत सुटतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घाई करून उपयोग नाही. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, ती नाकारेपर्यंत.

भरवताना मागचे नाल काढा. शेपटीला स्वच्छ पट्टी. योनीचा भाग कोमट साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा. जमीन मुरमाची, न घसरणारी, फरशी नकोच. मागच्या पायांना पिछाडी बांधायची तर एका ओढीत सुटेल अशी गाठ. घोडा धरणारा आणि घोडी धरणारा दोघेही डाव्या बाजूला, म्हणजे एकमेकांना दिसतात. घोड्याची शेपूट लयीत वरखाली झाली तर काम झालं. नुसता चढून उतरला तर झालं नाही, त्याचे पैसे देऊ नका. उतरताना घोडीचं तोंड धरणाऱ्याकडे वळवा, मग मागची बाजू घोड्यापासून लांब जाते आणि लाथ बसत नाही.

प्रश्न : आमची घोडी मे महिन्यात दोनदा भरवली, राहिली नाही. दोष कुणाचा? – एक वाचक, साक्री

उत्तर : आधी घोड्याकडे पाहू. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या तबेल्यात उभा घोडा आतून तापतो. बीज तयार व्हायला सुमारे 57 दिवस लागतात, म्हणून उन्हाचा किंवा तापाचा फटका लगेच नव्हे, पुढचे दोन महिने दिसत राहतो. भर उन्हात लांबून चालवत आणलेला घोडा त्याच दुपारी लावणं व्यर्थ. पहाटे लावा, छपरावर दादर ज्वारीचा कडबा किंवा पाचट टाका. घोडा किती वापरला हेही विचारा. रोज एक वेळ ठीक, आठवड्यातून एक सुटी हवी. हंगामाच्या गर्दीत दिवसाला तीन-तीन घोड्या घेणाऱ्याचं बीज पातळ होत जातं.

भरवण्याआधी घोडी कशाने धुतली? डेटॉल, पोटॅश, साबण काहीही मागे राहिलं की बीज मरतं. हे आम्हाला सर्रास आढळतं.

घोडी नुकती व्यायली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्याल्यावर सात ते बारा दिवसांत पहिला माज येतो आणि लोक तो साधायला धावतात. वार तीन तासांच्या आत पडली असेल, स्राव स्वच्छ असेल आणि दहा दिवस उलटले असतील तरच तो घ्या. नाहीतर महिनाभराने येणारा पुढचा माज बरा. आणि पुढच्या खेपेला 14 ते 16 दिवसांवर सोनोग्राफी करा. राहिली का ते कळतंच, पण जुळं असेल तर तेही तेव्हाच कळतं. घोडीला जुळं बहुतेक गाभडतं, म्हणून डॉक्टर त्याच सुमारास एक गर्भ नष्ट करतात.

प्रश्न : तट्टू घोडी, 13 हँडची. मोठा मारवाडी घोडा लावला तर शिंगरू अडेल का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : सहसा नाही. पोटातल्या शिंगराची वाढ मुख्यतः आईच्या गर्भाशयाच्या मापाने होते. वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी केंब्रिजला केलेल्या आणि 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात छोट्या शेटलंड तट्टू माद्यांना प्रचंड शायर घोड्याचं बीज कृत्रिम रीतीने दिलं, तेव्हा शिंगरं जन्मताना आईच्याच मापाला धरून होती. अडचण भरवतानाची : घोडीला उंचवट्यावर उभी करा.

प्रश्न : देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) असलेला घोडाच घ्यावा असं वडील म्हणतात. – एक वाचक, रावेर

उत्तर : वडिलांचं मन राखा, विकताना भाव येतो. शिंगराच्या पायांवर आणि दातांवर भोवऱ्याचा काही परिणाम होत नाही.

प्रश्न : घोडेवाल्याकडून लेखी काय घ्यावं? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : दोन्ही जनावरांचं वर्णन, खुणा, मायक्रोचिप असल्यास क्रमांक. भरवल्याच्या सगळ्या तारखा. ‘गाभण’ म्हणजे काय ते स्पष्ट : 45 दिवसांच्या तपासणीत गर्भ दिसणं, की उभं राहून दूध पिणारं जिवंत शिंगरू? भांडणं इथेच होतात, म्हणून तोंडी ‘गॅरंटी’ ऐकून परतू नका. राहिली नाही तर त्याच हंगामात किती वेळा मोफत, आणि घोडा मेला किंवा विकला गेला तर पैसे परत की दुसरा घोडा. घोडी तिथे ठेवली तर चंदी-वैरणीचा रोजचा दर आणि दुखापतीची जबाबदारी कुणाची. शिंगराची जातसंस्थेकडे नोंद करायची असेल तर भरवल्याचा दाखला त्याच दिवशी सहीसह घ्या. अकरा महिन्यांनी मागायला गेलात तर मालकाकडे तारीख नसते.