साध्या कपड्यांतही रँक असते

सैन्यातल्या भरतीबद्दल मनापासून अभिनंदन! सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत असताना वरिष्ठ समोर आले तर कसं वागायचं याचा गोंधळ होतो, हे अगदी स्वाभाविक आहे. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

साध्या कपड्यांत सॅल्यूट करायचा की नाही, याचे नियम प्रत्येक सैन्यदलाचे वेगळे असतात. तुझ्या युनिटमधली पद्धत पहिल्याच आठवड्यात विचारून घे, अंदाजाने हात उचलू नकोस. मात्र बसला असशील तर उठणं, खिशातले हात बाहेर काढणं आणि नजर मिळवून 'गुड इव्हनिंग, सर' म्हणणं कुठेही चुकत नाही.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- वरिष्ठ मोकळेपणाने बोलले, तुला नावाने हाक मारली, की आपणही तसंच बोलायचं. नाही! जवळीक किती, हे तेच ठरवतात. ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे, आणि ती निस्तरायला फार वेळ लागतो.
- गर्दीत लांबून रँक किंवा युनिटचं नाव घेऊन ओरडणं. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे वाईट. जवळ जाऊन हळू बोल.
- वरिष्ठ कुटुंबासोबत असताना रजेचा विषय काढणं.
- अधिकाऱ्यांना आदर आणि हवालदारांना 'काय भाऊ'. ज्यांच्या हाताखाली रोज शिकायचंय, त्यांचा मान आधी.
- व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवणं. 'येस, सर' लिही.

मेसमधल्या औपचारिक जेवणाचे शिष्टाचार पुढे आपोआप कळतील, आत्ता त्याची चिंता नको.