एकच सुगंधी तेल साबण, लोशन आणि मेणबत्ती, तिन्हींत वापरता येईल का? किती घालायचं?

चालेल, पण बाटलीतलं तेल त्वचेसाठी सुरक्षित असेल तरच. विकणाऱ्याकडून त्या सुगंधाचं इफ्रा (IFRA, सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागून घ्या. अंगावर राहणारं लोशन, धुऊन जाणारा साबण आणि मेणबत्ती यांच्या कमाल मर्यादा त्यात वेगवेगळ्या दिलेल्या असतात. प्रमाणपत्र नसेल तर लोशनमध्ये ते तेल घालूच नका, विशेषतः लहान मुलांसाठी करत असाल तर. अगरबत्ती किंवा डिफ्यूझरसाठीची स्वस्त तेलंही अंगाला नकोत.

प्रमाणपत्राच्या मर्यादेत राहून साधारण अंदाज असा: लोशनला अर्धा ते एक टक्का पुरतो, आणि तो मिश्रण ४० अंशांखाली उतरल्यावर घालायचा. सोया मेणाला ६ ते १० टक्के लागतात. थेंब मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा.

खरी परीक्षा कॉस्टिक सोडा आणि तेलं मिसळून केलेल्या साबणात होते. साबणाच्या तेलांच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत सुगंध ठीक, पण लवंगेचा किंवा मोगऱ्यासारख्या फुलांचा वास असेल तर मिश्रण बघता बघता घट्ट होऊन साच्यात ओतताच येत नाही. म्हणून आधी छोटा घाणा करून बघा. व्हॅनिलाने साबण हळूहळू तपकिरी होतो. त्यात बिघडलेलं काही नसतं, व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनचा तो गुणच आहे. आणि लिंबू-संत्र्याचे वास साबणात फार टिकत नाहीत, तिथे गवती चहा कितीतरी चांगला.