स्नायू मोडून खाऊ नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया, होऊन साडेचार महिने झाले, तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, कंगव्यात केसांचे पुंजके येतायत. म्हणून तू दुपारचं जेवण बंद केलंस, प्रोटीन पावडर ‘कृत्रिम’ म्हणून सोडलीस आणि रोज दीड तास उपाशीपोटी चालायला लागलीस. आणि वर मला विचारतेस, “ताई, अजून काय कमी करू?”

काहीही कमी करू नकोस. तू मेहनती आहेस, जिद्दी आहेस, हे मला तुला सांगायची गरज नाही. तुझी जिद्द चुकीच्या दिशेला लागली आहे, म्हणून हे पत्र.

तू वजनाच्या मागे लागली आहेस. वजन म्हणजे चरबी, स्नायू, हाडं, पाणी या सगळ्यांचा मिळून एक आकडा. तू वर उभी राहिलीस की काटा बेरीज दाखवतो; त्यातलं काय गेलं आणि काय राहिलं, हे त्याला माहीत नसतं. दोन किलो चरबी गेली तरी तो तेवढाच खाली येतो आणि दोन किलो स्नायू गेला तरी तेवढाच. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याला चरबी घालवायची आहे. स्नायू राखायचा आहे. हे वाक्य मी या पत्रात परत परत लिहिणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

शस्त्रक्रियेनंतर आपण इतकं कमी खातो की रोजचा खर्च भागवायला शरीराला साठ्यातून काढावं लागतं. पण ते फक्त चरबीतूनच काढेल असं बंधन त्याच्यावर नाही. खाण्यातून प्रथिनं येत नसतील आणि स्नायूंना काम दिलेलं नसेल, तर शरीर स्नायूही मोडतं, व्याजावर भागेना की माणूस मुद्दल मोडून खातो तसं. थोडाफार स्नायू सगळ्यांचाच जातो. पण दुपारचं जेवण बंद करणं, पावडर सोडणं, उपाशीपोटी दीड तास चालणं हे तिन्ही एकदम केलंस, तर तू स्वतःच्या हाताने तो दरवाजा सताड उघडतेस. आणि स्नायू कमी झाला की नुसतं बसून असतानाही शरीराला लागणारी ऊर्जा कमी होते. मग तेवढ्याच खाण्यावर वजन उतरायचं थांबतं, आणि पुढे थोडं जास्त खाल्लं तरी चढतं.

माझी गॅस्ट्रिक बायपास (हृदयाची नव्हे, वजन उतरवण्याचीच शस्त्रक्रिया) झाली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. दर भेटीला काट्यावर उभं करायचे, आकडा लिहायचे, “छान चाललंय” म्हणायचे. जिना चढताना कठडा धरावा लागतो का, असं एकानेही विचारलं नाही. जमिनीवर बसले की उठताना आधी कुशीवर वळायचं, मग तळहाताने रेटा द्यायचा, मग एक गुडघा टेकवून जवळ असेल ते धरायचं. वजन पूर्वीपेक्षा कितीतरी कमी होतं आणि उठणं पूर्वीपेक्षा जड जात होतं! लोक कपड्यांचं माप बघून कौतुक करत होते. ती ताकद परत कमवायला मला वर्षं लागली, आणि सगळी काही परत आली नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. माझा आवाज या पत्रात चढला तर तो त्यामुळे.

आता तुझ्या पावडरीचं. आपल्यासारख्यांना दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझा नेमका आकडा तुझ्या डायटिशियनने दिलेला असेल, तो धर. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे नुसत्या अंड्यांवर ६० गाठायचे तर दहा अंडी. तुझ्या जठराचा जवळपास ८० टक्के भाग काढलेला आहे. जी नळी उरली आहे तिच्यात सुरुवातीला १००-१५० मिलिलिटरच्या वर मावत नाही. सांग, दहा अंडी कुठे ठेवणार? डाळीतून घ्यायचं म्हटलं तर तिच्यासोबत पाणी आणि पिष्ट येतं, जागा त्यातच संपते. पावडर ही पळवाट नाही, साधं गणित आहे. शिवाय ‘कृत्रिम’ म्हणून तू जी बाजूला ठेवलीस ती व्हे पावडर दुधातूनच निघते. चव नकोशी झाली असेल तर ब्रँड बदल, बिनचवीची घेऊन दह्यात कालव, थंड करून पी. शस्त्रक्रियेनंतर चव बदलते, काल आवडलेलं आज नको होतं, हे मला ठाऊक आहे. पण नको वाटलं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आणि “भूक नव्हती म्हणून दुपारचं बंद केलं” असं लिहिलंयस. अगं, भूक नसणारच! भूक जागी करणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच काढून टाकलेला आहे. तेव्हा सध्या भुकेवर भरवसा ठेवू नकोस, घड्याळ बघ. वर्षा-दीड वर्षात भूक बऱ्यापैकी परत येते. तोवर वेळेवर आणि ठरावीक क्रमाने खायची सवय लागलेली असली पाहिजे. हा काळ त्यासाठी मिळाला आहे, जेवणं गाळून दाखवण्यासाठी नाही.

क्रम असा: आधी प्रथिनं. अंडं, मासा, चिकन, दही, सोया, डाळ, जे चालत असेल ते. ते संपलं की भाजी. त्यातूनही जागा उरली तर भात-पोळी किंवा ब्रेड. बहुतेकदा उरत नाही, आणि नाही उरली तरी चालतं. छोटा चमचा घे, घास पार बारीक होईपर्यंत चाव, वीस-पंचवीस मिनिटं लागू देत. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. मग दिवसभर घोट घोट करत दीड लिटरच्या पुढे गेलीच पाहिजेस. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. मला छातीच्या मधोमध दाब जाणवतो आणि नाक गळायला लागतं. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंका येतात. तुझी खूण ओळख आणि तिथेच चमचा खाली ठेव. एक घास उरलाय म्हणून संपवायचा, हे आपल्यासाठी संपलं. तो एक घास उलटी होऊन बाहेर येतो.

एका गोष्टीबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणारच. बिस्किटं, वेफर्स, आइसक्रीम, गोड पेयं. हे तोंडातच विरघळतं, नळीतून सरसर उतरतं, पोट भरल्याची खूण येतच नाही. चिकनचे चार घास जड होतात आणि बिस्किटांचा अख्खा पुडा आरामात जातो. वजन परत चढण्याचं एक मोठं कारण हे येता-जाता चरणं आहे. तू दुपारी जेवत नाहीस, मग संध्याकाळी पाचला काय होतं? “थोडं काहीतरी” खातेस ना? मला वाटलंच होतं. त्या थोड्याशात स्नायूला उपयोगी असं काहीही नसतं.

केसांचं. आरसा बघून रडू येतं, कळतं मला. पण मोठी शस्त्रक्रिया आणि भराभर उतरलेलं वजन, या दोन्हींच्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी गळू लागतात. आत्ता गळणारा केस तो आहे. मुळं शाबूत असतात, काही महिन्यांत नवे येतात. मात्र येणारा केस प्रथिनांचाच बनतो आणि त्याला लोहही लागतं. म्हणजे केस गळतात म्हणून घाबरून तू जेवण तोडलंस, हे नेमकं उलटं झालं. गळणं पुढेही लांबलं तर लोह, जस्त आणि थायरॉइड बघायला सांग.

चालण्याचं कौतुक आहे, चालत राहा. आठवड्याला किमान १५० मिनिटं हवंच, हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी. पण चालून स्नायू राखला जात नाही, निदान आपल्याला हवा तितका नाही. स्नायूला ओझं लागतं. “बायकांनी वजनं उचलली की अंग पुरुषी दिसतं” हे जे तुला कुणीतरी सांगितलंय, ते विसर. इतक्या कमी खाण्यावर कुणाचंही अंग फुगत नाही. आहे ते टिकलं तरी मोठं काम झालं. तुझ्या सर्जननी व्यायामाला मोकळीक दिली आहे म्हणतेस, मग थांबलीस कशाला?

खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. बस, दोन्ही हात छातीवर घडी घाल, आणि हात न टेकवता उभी राहा. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत बसायचं. खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यात आहे, मांड्या तिथे पेटतात. दहा वेळा. दम घे, परत दहा. मग भिंतीला तळहात टेकवून छाती भिंतीकडे नेऊन मागे रेटायचं. मग रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे ओढायचे, पाठीसाठी. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. सोपं वाटायला लागलं की हातात डंबेल घे, पट्टा जाड घे. तेवढ्यावरच अडकून राहिलीस तर स्नायूही तेवढ्यावरच राहील. उपाशीपोटी करू नकोस. गरगरलं, घाम फुटला, हात थरथरले तर थांब आणि डॉक्टरांना कळव.

गोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही: जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम सायट्रेट. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेव, एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही. अंगदुखीला मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. आणि उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर “बघू उद्या” म्हणायचं नाही. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) भराभर संपतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

तुझ्या काकू म्हणाल्या, “ऑपरेशन करून बारीक होण्यात कसली मर्दुमकी.” हे वाक्य तू मेसेजमध्ये तीनदा लिहिलंस. काट्यापेक्षा तेच जास्त लागलंय तुला. जेवण बंद करणं हे त्यांना दिलेलं उत्तर आहे ना? “बघा, मीही कष्ट करतेय”? त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० जणांची आणि न झालेल्या तितक्याच जणांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला गेलं, नंतर काहीसं वाढलं, तरी दहा वर्षांनंतरही दुसऱ्या गटाच्या बरंच खाली राहिलं. मृत्यूचं प्रमाणही त्यांच्यात कमी निघालं. हा उपचार आहे. उपचार घेतल्याची शिक्षा स्वतःच्या स्नायूंना देऊ नकोस.

मलाही लोक हट्टी म्हणतात. कुणाकडे जेवायला गेले तरी मी माझी छोटी वाटी आणि छोटा चमचा घेऊन जाते, आधी विचारते की प्रथिनांचं काय आहे, आणि काही नसलं तर पर्समधून डबा काढते. नातेवाइकांना अपमान वाटतो. “एका दिवसाने काय होतंय” म्हणतात. एका दिवसाने काही होत नसेलही. पण माझे ‘एक दिवस’ कुणाकुणाकडे किती झाले असते, याचा हिशोब त्यांनी कधी केला नाही, मी केला. यजमानीण रुसली तर रुसू दे, दोन दिवसांत विसरते. माझ्या मांड्यांत ताकद आहे म्हणून मी आज कुणाचा हात न धरता जिना उतरते. या हट्टाबद्दल मला माफी मागायची नाही, आणि तूही मागू नकोस.

आता उद्याचं. सकाळी डायटिशियनला फोन कर आणि दुपारचं जेवण बंद केल्याचं स्वतःहून सांग, लपवू नकोस. त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं. सहा महिन्यांची रक्ततपासणी जवळ आलीच आहे. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, फोलेट, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), पॅराथायरॉइड संप्रेरक हे त्यात आहेत ना, विचारून घे. केसांसाठी बायोटिन सुरू केलं असशील तर तेही सांग, जास्त मात्रेने थायरॉइडसारखे रिपोर्ट चुकीचे येतात. रविवारी दुपारी मला फोन कर. जेवून झाल्यावर, अर्ध्या तासाने, म्हणजे पाण्याचे घोट घेत निवांत बोलता येईल. काय जेवलीस ते आधी विचारणार आहे.

तुझी,
ताई