ब्रॅकिपोडियमवर विषाणू लावताना

विषाणूच्या प्रयोगासाठी गव्हाऐवजी ब्रॅकिपोडियम, म्हणजे गव्हाच्याच कुळातलं छोटं गवत, घेतलंस, उत्तम केलंस. गव्हाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे १७०० कोटी बेस-जोड्यांचा, याचा जेमतेम २७ कोटींचा, आणि तो २०१० मध्येच प्रसिद्ध झालाय.

सुरुवात बार्ली स्ट्राइप मोझॅक विषाणूपासून कर. त्याचा एनडी१८ हा प्रकार (स्ट्रेन) ब्रॅकिपोडियमच्या बीडी२१ या वाणाला लागतो, पण बीडी३-१ हा वाण दाद देत नाही. बीडी३-१मध्ये बीएसआर१ हा प्रतिकारक जनुक आहे. दोन्ही शेजारी शेजारी लाव, फरक डोळ्यांनी बघ. फार सुंदर दिसतो!

खरी कसोटी विषाणू असलेला रस पानावर चोळताना. पान अगदी अरुंद असतं. कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाची चिमूटभर पूड भुरभुरायची, खालून बोटाचा आधार द्यायचा, बुडाकडून टोकाकडे हलका हात फिरवायचा. जोर लावलास तर जखमेचे डागच लक्षणं वाटतील. म्हणून काही रोपांवर नुसतं बफर (विषाणू नसलेलं द्रावण) चोळायचंच, यात सूट नाही. आरटी-पीसीआरसाठी (विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) नमुना मात्र चोळलेल्या पानाचा नको, वर नव्याने फुटलेल्या पानाचा घे.