आधी पंधरा दिवस पहिलीच्या वर्गात बसून ये

प्रश्न : बारावीला कला शाखेत ६४ टक्के मिळाले. मला लहान मुलांना शिकवायचंय, म्हणून डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला) जायचा विचार आहे. बाबा म्हणतात, "अ-आ-इ शिकवण्यात कसलं करिअर? बी.ए., बी.एड. कर, प्राथमिक-माध्यमिक दोन्ही दारं उघडी राहतील." काय करू?
– एक विद्यार्थिनी, जि. बीड

उत्तर : बाबांचा हिशोब काही वर्षांपूर्वी बरोबर ठरला असता. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणं हे वेगळंच काम आहे, त्याचं प्रशिक्षणही वेगळं.

राहिलं अ-आ-इ. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी तुझ्याच जिल्ह्यात एका द्विशिक्षकी शाळेत होते. पहिलीतला एक पोरगा क, म, ळ तिन्ही अक्षरं ओळखायचा, पण 'कमळ' काही म्हणता यायचं नाही. प्रत्येक अक्षरावर अडायचा. चिंचोके मांडून झाले, टाळ्या वाजवून झाल्या, अंगणात खडूनं अक्षरं काढून त्यांवरून उड्या मारून झाल्या. दिवाळी गेली तरी तेच. मग एका सकाळी दप्तर न उतरवताच धावत आला, "बाई, गिरणीवर दळण लिवलंय!" ती पाटी तो रोजच बघत होता. त्या दिवशी मी काही शिकवलं की नाही, आठवत नाही.

पण हा पोरगा आजीपाशी राहिला म्हणून. त्याच्या शेजारी बसणारी दोघं दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेली. मार्च-एप्रिलात परतली तेव्हा पाटी कोरी, आणि मान खाली. प्राथमिकच्या बाईला खरा थकवा येतो तो इथे. त्यात सर केंद्राच्या बैठकीला गेले की चारही वर्ग एकटीकडे. एकीकडे पोषण आहाराची नोंद, दुसरीकडे ऑनलाइन माहिती आजच्या आज हवी, आणि मध्येच कुणीतरी तळहातावर पडलेला दात घेऊन समोर उभं. (दाताला आधी दाद द्यायची. माहिती तासाभरानं गेली तरी चालते.)

आता पैशांचं. डी.एल.एड. दोन वर्षांचं. मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, १५० गुणांचा. खुल्या गटाला ९० लागतात. त्यानंतर भरतीसाठीची २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. खरी गोम इथे आहे. ही चाचणी दरवर्षी होत नाही : पहिली २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना १६,००० रुपये. म्हणजे घरच्यांशी आधीच बोलून ठेव आणि मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण कर. बाबांचं बी.ए. तेवढं ऐकायला हरकत नाही.

"आवडतं" या शब्दावर मात्र माझा एवढ्यात विश्वास नाही. पाहुण्यांची चार पोरं खेळवणं वेगळं. शाळा सुरू झाली की गावातल्या मुख्याध्यापकांना विचारून पंधरा दिवस पहिलीच्या वर्गात मागे बस. सकाळचा परिपाठ सगळ्यांनाच गोड वाटतो, त्यावर जाऊ नकोस. दुपारी तीननंतर, पत्र्यावर पाऊस वाजतोय, मुलं कंटाळलीत, दोघांची पेन्सिलीवरून मारामारी चाललीय, तेव्हा तुझे हात आपोआप पुढे होतात की नजर घड्याळाकडे जाते ते बघ. प्रवेशाच्या मुदतीवर लक्ष ठेव, पण शुल्क भरशील ते हे बघून झाल्यावर.