हुकलेले अकरा शॉट

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या बास्केटबॉल सेमीफायनलचा व्हिडिओ पाहिला. तू लिहिलंस, ‘‘सर, शॉट पडतच नव्हता, म्हणून मी नुसते पास देत राहिले. उगाच संघाचं नुकसान नको.’’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण दुसऱ्या हाफमध्ये तू बास्केटकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस आणि ते समोरच्या संघाने दोन मिनिटांत ओळखलं. तुझ्यावर असलेली मुलगी तुला मोकळं सोडून थेट बास्केटखाली जाऊन उभी राहिली. बास्केटजवळ खेळणाऱ्या तुमच्या सेंटरवर मग दोघी-दोघी. नुकसान टाळायच्या नादात तू बाकीच्या चौघींना पाच जणींशी लढायला लावलंस. जिंकलात, हे त्या चौघींचे उपकार.

रागावत नाही. फायनलच्या आधी वेळ काढून एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, २०११ ची फायनल बघ, डॅलस मॅव्हरिक्स विरुद्ध मायामी हीट. तिथे फायनल म्हणजे मालिका, आधी चार सामने जिंकेल तो विजेता. पूर्ण सामने बघायचे, हायलाइट्स नाहीत. हायलाइट्समध्ये हुकलेले शॉट कापून टाकतात आणि तुला नेमके तेच बघायचे आहेत.

मायामीकडे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश. तिघे आधीच्या उन्हाळ्यात ठरवून एकत्र आलेले, त्यामुळे सगळं जग त्यांच्याकडे डोळे लावून होतं. डॅलसकडे जर्मनीतल्या वुर्झबर्गचा सात फुटी डर्क नोवित्स्की आणि त्याच्याभोवती बहुतेक तिशी ओलांडलेली मंडळी. खेळ रचून देणारा पॉइंट गार्ड जेसन किड तर ३८ वर्षांचा.

नोवित्स्कीचं जुनं दुखणं तुला माहीत हवं. २००६ च्या फायनलमध्ये याच मायामीविरुद्ध डॅलस २-० ने पुढे होतं. तिसऱ्या सामन्यात ३.४ सेकंद उरलेले, फाउलबद्दल मिळालेले दोन फ्री थ्रो घ्यायला नोवित्स्की लाइनवर. दोन्ही पडले असते तर बरोबरी. दुसरा हुकला. तो सामना गेला आणि पुढचे तीनही गेले. पुढच्या मोसमात डॅलसने ६७ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या संघाकडून हरले. ऐनवेळी कच खाणारा, असा शिक्का त्याच्या कपाळावर बसला. त्यावर तो काही बोलला असेल-नसेल. २०११ च्या सेमीफायनलमध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने फ्री थ्रो घेतले २४, आणि पडले २४.

फायनलच्या पहिल्या सामन्यात हार, वर डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटला. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं राहिली असताना डॅलस १५ गुणांनी मागे होतं. तो सामना त्यांनी ९५-९३ असा काढला आणि शेवटचा लेअप, म्हणजे बास्केटपाशी जाऊन टाकलेला शॉट, नोवित्स्कीने त्याच डाव्या हाताने टाकला. हे सगळ्यांना आठवतं. मला मात्र तिसऱ्या सामन्याचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन गुण कमी, चेंडू नोवित्स्कीच्या हातात, शेवटचा शॉट. हुकला. मालिका २-१ अशी मायामीकडे झुकली.

चौथ्या सामन्याच्या दिवशी त्याला १०१ ताप होता. मधूनमधून बेंचवर टॉवेलखाली बसलेला दिसेल तुला. तरी चौथ्या क्वार्टरमध्ये १० गुण त्याचे, आणि १४ सेकंद उरले असताना हक्काने चेंडू मागून आत घुसणारा पुन्हा तोच. डॅलस ८६-८३.

त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूला लेब्रॉन होता. ११ शॉट घेतले, ३ पडले, एकूण ८ गुण. पण ९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि ७ असिस्ट (ज्यावर गुण झाले असे पास), म्हणजे तो झोपलेला नव्हता. तो पास देत होता. काही पास समोरची जागा दिसली म्हणून दिले जातात आणि काही शॉट आपल्यावर येऊ नये म्हणून. कोर्टवरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि देणाऱ्यालाही त्यातला फरक नेहमी कबूल करवत नाही. लेब्रॉनने काय केलं ते सांगतो, नाहीतर तू उगाच त्याला नावं ठेवशील. त्याच उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला जुना दिग्गज सेंटर हकीम ओलाजुवॉनकडे गेला आणि बास्केटकडे पाठ करून कसं खेळायचं ते शिकला. पुढच्याच वर्षी विजेता, फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. आज त्याच्या नावावर चार विजेतेपदं आहेत.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची. पहिल्या तीन सामन्यांत डॅलसच्या जे. जे. बरेआचे शॉट पडतच नव्हते. कागदावर उंची सहा फूट, प्रत्यक्षात तेवढीही वाटत नाही. आपल्याकडे अशा खेळाडूला बेंचच्या टोकाला बसवलं असतं. कोच रिक कार्लाईलने चौथ्या सामन्यात त्याला चक्क स्टार्टिंग फाइव्हमध्ये, सुरुवातीच्या पाच जणांत, घेतलं. का? तो आत घुसला की मायामीचा डिफेन्स हलायचा आणि बाहेर कुणीतरी मोकळं व्हायचं. शॉट पडो न पडो, ते काम चालू होतं. पाचव्या सामन्यात त्याने १७ गुण केले, सहाव्यात १५. ज्याची जागा गेली तो डेशॉन स्टीव्हन्सन तोंड पाडून बसला नाही, बेंचवरून येऊन थ्री-पॉइंटर टाकत राहिला.

आता १२ जूनचा सहावा सामना, मायामीत. हाच वही घेऊन बघ. पहिल्या हाफमध्ये नोवित्स्कीने १२ शॉट घेतले आणि पडला एक. अकरा हुकले, अख्ख्या जगासमोर, त्याच संघाविरुद्ध, त्याच शिक्क्यासकट. तरी हाफ टाइमला डॅलस ५३-५१ ने पुढे, कारण जेसन टेरीने १९ गुण केले होते. २००६ च्या संघातले हे दोघेच उरलेले. गंमत अशी की, तिसऱ्या सामन्यानंतर नोवित्स्कीने याच टेरीबद्दल पत्रकारांसमोर जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. टेरी रुसला असता तर?

दुसऱ्या हाफमध्ये नोवित्स्कीने १५ शॉट घेतले, आठ पडले. डॅलस १०५-९५. जागा त्याच होत्या, शॉट तेच होते. होल्गर गेश्विंडनर नावाच्या त्याच्या गुरूने वर्षानुवर्षं चेंडूचा कोन मोजून घटवून घेतलेले शॉट ते. म्हणून तो घेत राहू शकला. वाटेल तिथून चेंडू भिरकावणं याला मी धैर्य म्हणत नाही. तुझी जागा फ्री थ्रो लाइनच्या उजव्या कोपऱ्यावर आहे. तिथे मोकळी मिळालीस की शॉट घ्यायचाच, आधीचे सात हुकलेले असले तरी. डाव्या कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर मारायचा हट्ट सोड, तो तुझा नाही.

सुरुवातीला दोन शॉट हुकले तर तिसरा बास्केटजवळून घे, किंवा आत घुसून फाउल काढ. फ्री थ्रोचा एक चेंडू जाळीतून गेला की हात सैल होतो. आणि तुमच्या त्या गार्डला आजच सांग की मी मोकळी असले तर मला चेंडू दे, मी परत करणार नाही. ती तुझ्यावर नाराज आहे, मला कळलंय. असू दे, टेरीवरही कुणीतरी नाराज होतंच.

फायनल झाली की स्कोअरशीटचा फोटो पाठव. किती पडले ते मी नंतर बघीन, आधी किती घेतलेस तो रकाना बघणार आहे.

तुझे,
सर